आत्मसमर्पित शिंपी

फ्लेक्सवर काय छापलं होतं ते जसंच्या तसं देतो. पुढचं सगळं त्यातूनच निघालं, आणि मी पदरचं घातलं असं नंतर कुणी म्हणायला नको.

उंच बुरूज मिनिस्ट्री, नागपूर
भव्य अभिषेक महोत्सव
स्थळ : आलापल्ली
वक्ते : ब्रदर अश्विन (आंतरराष्ट्रीय)
अंधाराच्या वाटेवरून प्रकाशाकडे!
आत्मसमर्पित इतवारी पुंगाटी (मर्रीगुडा) यांची थरारक साक्ष
गाड्या ठेवण्याची सोय आहे

खाली इतवारीचा फोटो. आधार कार्डावरचा, मोठा केलेला. आधार कार्डावर कुणीही फरारी दिसतो. इतवारी जरा जास्तच दिसतो, कारण फोटोवाल्याने डोळे मिटू नका म्हटलं आणि त्याने ते अक्षरशः पाळलं.

हाच फ्लेक्स नगरला किंवा मिरजेला लावा. लोक वाचतील आणि चहा प्यायला जातील. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘आत्मसमर्पित’ला एकच अर्थ आहे. जो दादालोकांसोबत जंगलात बंदूक घेऊन फिरला, मग खाली उतरला, पोलिसांपुढे बंदूक ठेवली आणि गुलदस्ता घेऊन फोटो काढला, तो आत्मसमर्पित. दादालोक म्हणजे नक्षलवादी. आमच्याकडे तसंच म्हणतात. आणि आत्मसमर्पिताला बोलताना ‘सरेंडर’ म्हणतात. दुसरीतलं पोरगंही हे सांगेल.

ब्रदर अश्विनला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. त्याच्या डोक्यात आत्मा म्हणजे पवित्र आत्मा. समर्पित हा शब्द तर त्याच्या प्रत्येक सभेत असतोच. दोन चांगले शब्द जोडले की तिसरा आणखी चांगला होतो, अशी त्या माणसाची व्याकरणाची समज. त्यात तो फ्लेक्स बांधला कुठे? चौकात, पोलिसांच्या फ्लेक्सला खेटून. त्यावर दादालोकांना शस्त्रं खाली ठेवा, घरी या, असं आवाहन. दोन्हीवर उगवता सूर्य. दोन्हीवर लांब जाणारा रस्ता. मध्ये इतवारी, डोळे फाडून.

*

इतवारी माझा भाटवा. माझ्या थोरल्या बहिणीचा, गिरजाबाईचा नवरा. मर्रीगुड्यात रस्त्याच्या कडेला त्याची शिवणाची मशीन आणि तिला लागून माझं दुकान, किराणा आणि रिचार्ज. मध्ये कुडाची भिंत. कुडाची भिंत बोलणं अडवत नाही, त्यामुळे मला त्याच्या धर्माविषयी गरजेपेक्षा जास्त माहिती आहे.

तो विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, कसा झाला यात काहीच थरारक नाही. बाई, म्हणजे माझी बहीण, आजारी पडली. हेमलकशाच्या दवाखान्यात नेली, औषधाने बरी झाली. शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडचा एक तेलुगू म्हातारा होता. तो स्वतः कण्हत होता आणि मधूनमधून माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करत होता. औषध दवाखान्याचं, नाव प्रभूचं. मी तेव्हाच बोललो होतो. इतवारी म्हणाला, “औषध बी त्याचंच न.” अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे गाळात गाडी रेस करणं.

मग त्याने मोहाची दारू सोडली. ठीक. सगळेच विश्वासी सोडतात, सोडल्याचं सांगत फिरतात. पंडुमला, म्हणजे गावच्या सणाला, बळीचं मटण खाणं सोडलं, तेही ठीक. गावाने वर्षभर टोमणे मारले, मग कंटाळून मटणाचा त्याचा वाटा मला द्यायला लागले. त्याविषयी माझी तक्रार नाही. रविवारी कोलू नावाच्या विश्वाशाच्या गोठ्यात चार घरं जमतात, बैल बाहेर काढतात, तेलुगू चालीवर मराठी गाणी म्हणतात आणि बैल आत घेतात. त्यालाही चर्च म्हणतात.

पण पुढे त्याने जे सोडलं ते आजवर कुठल्याही शिंप्याने सोडलेलं नाही.

त्याने ‘उद्या’ सोडलं.

“इतवारीभाऊ, झंपर कधी देता जी?” रुखमाबाई विचारायची.

“पोरीच्या लग्नाले नाई होत बाई. मंग होते.”

“अशे कशे बोलता? उद्या देतो म्हना न!”

“उद्या नाई होत न.”

“होत नाई ते मलेबी मालूम आहे. पन म्हना तर!”

रुखमाबाई कापड उचलून भामरागडच्या शिंप्याकडे गेली. त्याने रोज उद्या म्हटलं आणि झंपर पोरीच्या डोहाळजेवणाला दिलं. रुखमाबाई खूश. माणसाला काय हवं असतं हे भामरागडच्या शिंप्याला कळतं.

मी भिंतीवरून ओरडलो, “भाऊजी, हे खोटं नसते. हे धंद्याचं बोलनं असते.”

“माह्यं तोंड मी देऊन टाकलं न श्रावन.”

“कोनाले दिलं?”

“प्रभूले. आता दिलेली वस्तू मी कशी वापरू?”

हे त्याचं समर्पण. एवढंच. हात दिले, पाय दिले, तोंड दिलं, मशीनसुद्धा दिली म्हणे. आणि दिलेल्या वस्तू जपून वापरायच्या, शेजाऱ्याची उसनी शिडी वापरतात तशा. जगात एवढं सोनं, एवढे राजे आणि एवढे विद्वान पडलेले असताना ज्या देवाला मर्रीगुड्याच्या शिंप्याचं तोंड हवं होतं, त्या देवाच्या आवडीविषयी मी काय बोलू.

*

आता दिव्यानी. इथे थोडं नीट लिहितो, कारण जे पणाला लागलं ते तिचं होतं.

दिव्यानी त्यांची एकुलती एक पोर. पोलीस भरतीच्या मागे लागली होती. आमच्या भागात सकाळी रस्त्याने धावणारं माणूस दिसलं तर ते एक तर भरतीचं असतं नाहीतर अस्वल मागे लागलेलं. दिव्यानी मैदानीत निघाली, लेखीत निघाली, यादीत नाव आलं. राहिली फक्त चारित्र्य पडताळणी. म्हणजे आमच्या भागातल्या पोलीस मदत केंद्रातून वर कळवायचं, की ही पोरगी आणि हिचं घर दादालोकांच्या भानगडीत नाही. बस. त्यानंतर वर्दी.

वर्दीसाठी ती कापड हातात धरून पाहायची. बापाचंच दुकान. “मामा, छातीवर पाटी राह्यते न, नावाची. पुंगाटी लिवलं राहीन. ज्याले पायजे त्याले दुरून वाचू दे.”

तिचा प्रभूवर विश्वास नव्हता. माझ्यावरही नव्हता. तिचा त्या पाटीवर होता आणि मला तो पटत होता. पाटी हातात धरता येते.

*

ब्रदर अश्विन आला तो पांढऱ्या बुटांत. मर्रीगुड्यात पांढरे बूट! गाडीतून उतरला आणि पहिलंच पाऊल शेणात. “हालेलुया,” तो म्हणाला. त्याला दुसरा शब्द सुचत नाही.

त्याला महोत्सवासाठी जंगलातली साक्ष हवी होती. नागपूरच्या साक्षी आता जुन्या झाल्या म्हणे; दारू सुटली, कर्ज फिटलं, व्हिसा आला. कोलूने त्याला इतवारीकडे आणलं. मी भिंतीअलीकडून ऐकत होतो. पुढचं संभाषण मी बनवलेलं नाही.

“ब्रदर, तुमचं जीवन समर्पित आहे?”

“हाव जी.”

“संपूर्ण समर्पित?”

“जेवढं समजते तेवढं.”

“आमेन! याआधी अंधारात होतात?”

“हाव जी. लाईट मांगच्या वर्षीच आली.”

ब्रदर अश्विनने फोन काढून तेवढं टिपून घेतलं. अंधारात होता. पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नसावं. ज्यांना साक्ष हवी असते ते साक्ष ऐकत नाहीत.

महोत्सवाला मी गेलो. दिव्यानी आणि बाईला घेऊन जायचं होतं म्हणून, आणि फुकट जेवण होतं म्हणूनही. मंडप, की-बोर्ड, धूर सोडणारं यंत्र. धूर कशाला, तर महिमा उतरल्यासारखी दिसावी म्हणून. समोर गर्दी, मागे आणखी गर्दी. मागची गर्दी विश्वासी नव्हती. ती फ्लेक्स वाचून आलेली होती, सरेंडर काय सांगतो ते ऐकायला. कोणत्या चकमकीत होता? कितीजण होते? जंगलात काय खातात?

इतवारी माईकसमोर उभा राहिला. माईक त्याच्या कपाळापाशी होता, कुणी खाली केला नाही.

“मी शिंपी आहो,” तो म्हणाला.

गर्दी थांबली. पुढे बंदूक येणार होती.

“पह्यले मी लोकाइले उद्या देतो म्हनत होतो. आता नाई म्हनत. गिऱ्हाईक कमी झाले. पन झोप येते.” मग त्याला काही सुचेना. “बायकोले बी बरं आहे,” तो म्हणाला, आणि खाली उतरायला लागला.

मागून कुणीतरी ओरडलं, “बंदूक कुठी ठेवली बे?” हशा झाला. ब्रदर अश्विनने माईक हिसकावला आणि, “किती मोठी वादळं या शांत हृदयात दडली आहेत!” असं म्हणून की-बोर्डवाल्याला खूण केली. धूर सुटला. इतवारी धुरात पायरी चुकला आणि गुडघ्यावर आपटला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, तो गुडघे टेकून प्रार्थना करतोय.

मी जेवलो. डाळ कच्ची होती.

*

महोत्सव संपला, मंडप गेला, फ्लेक्स राहिला. कुणीतरी फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. आला. पुन्हा गेला. आमच्या दुकानात येणारी माणसं भिंतीकडे बघून आवाज खाली करायला लागली. वामनराव, आमचे माजी सरपंच, ज्यांना इतवारीने इतकी वर्षं चड्ड्या शिवून दिल्या, ते मला विचारतात, “श्रावन, तुहा भाटवा जंगलात कधी होता गा?”

“तुमच्या चड्डीचं माप घेत होता तेव्हा,” मी म्हटलं.

पण शब्द चिकटला. आणि त्याच आठवड्यात पडताळणीचा कागद खाली आला. पोलीस मदत केंद्रातून बोलावणं आलं. इतवारी पुंगाटीने यावं.

आदल्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं. बाई होती, दिव्यानी होती.

“भाऊजी, साहेब इचारन, सरेंडर आहा का? तुमी म्हनाचं, नाई. साहेब इचारन, कधी काही संबंध? तुमी म्हनाचं, नाई. झालं. दोन वेळा नाई. दोन वेळा नाई म्हनल्यानं कोनाचा धर्म बुडत नाई.”

तो म्हणाला, “पाहू.”

“पाहू नाई. बोला. नाई म्हनून दाखवा.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. माझी बहीण पदर तोंडाला लावून उठून गेली. दिव्यानी बापाच्या तोंडाकडे पाहत होती. विकत घ्यायची वस्तू पाहावी तशी पाहत होती.

*

ठाणं, म्हणजे तेच मदत केंद्र. मी एका बाजूला, इतवारी एका बाजूला, दिव्यानी दारात. साहेब साताऱ्याकडचे, तरुण, आमची भाषा समजायला लागलेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं.

साहेब : तुमचे ते ब्रदर सकाळी येऊन गेले. स्वतःहून लिहून दिलं. वाचतो. “आत्मसमर्पित हा शब्द छपाईच्या चुकीने पडला आहे. आमच्या संस्थेत कोणीही आत्मसमर्पित नाही व कधीही नव्हते.”

मी : ब्रदर आजवर एवढं खरं कधी बोलले नसतील साहेब.

साहेब : (हसले.) तुम्हीही एवढंच लिहा. ‘मी आत्मसमर्पित नाही.’ खाली सही. मुलीचं काम होऊन जाईल.

इतवारी : हे मी नाई लिवत साहेब.

साहेब : का? तुम्ही आत्मसमर्पित आहात?

इतवारी : तुमच्या हिशोबानं नाई. पन शब्द तर तोच आहे न जी. मी नाई म्हनून सही केली तर मी त्याले नाई म्हटलं असं होते.

साहेब : कोणाला?

मी : प्रभूले, साहेब. याचं डोकं सरकलं आहे. तुम्ही लिवा, मी अंगठा पकडून लावतो.

साहेबांनी पेन फिरवला. त्यांना मजा वाटत होती. कोण्या माणसाने असल्या बारक्या गोष्टीसाठी अडून बसावं, तेही नोकरी दारात उभी असताना, अक्षरशः दारात उभी असताना! पण साहेबांनी सोडून दिलं. म्हणाले, तो शब्दच नको. आपण साधं लिहू. आणि लिहायला लागले, मोठ्याने बोलत :

“मी कोणत्याही बंदी असलेल्या संघटनेचा सदस्य नव्हतो.”

इतवारी : बरोबर जी.

“मी कधीही शस्त्र हाती घेतलेलं नाही.”

इतवारी : कैची घेतली. ते शस्त्र नाई होत न?

साहेब : (पुन्हा हसले.) नाही होत. “तसेच माझा त्यांच्याशी कधीही, कोणत्याही प्रकारे संबंध आलेला नाही.”

इथे थांबतो. थांबायलाच पाहिजे, कारण या ओळीपाशी आमच्या भागातला प्रत्येक माणूस थांबलेला आहे आणि प्रत्येकाने एकच गोष्ट केलेली आहे, आणि ती गोष्ट अशी, की दादालोक रात्री दारात आले की भात रांधला, नाही रांधला तर काय होतं ते माहीत होतं म्हणून रांधला, सकाळी पोलीस आले आणि त्यांनी विचारलं कुणी आलं होतं का तर नाही म्हटलं, मग दादालोकांनी विचारलं पोलीस आले होते का तर तेही नाही म्हटलं, रुखमाबाईने नाही म्हटलं, वामनरावांनी सरपंचाच्या शिक्क्यासकट नाही म्हटलं, मी म्हटलं, शिक्षकांनी म्हटलं, साहेबांच्या आधीच्या साहेबांना माहीत होतं की हे नाही खोटं आहे आणि आम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि तरी कागदावर नाही लिहिलं गेलं आणि सगळे जेवायला घरी गेले, कारण ते नाही म्हणजे उत्तर नव्हतंच, ती जोहारसारखी रीत होती, समोरच्याने जोहार म्हटलं की आपण जोहार म्हणतो, खरा की खोटा असं कुणी विचारत नाही.

इतवारी म्हणाला, “आला होता.”

दारातून दिव्यानी म्हणाली, “बाबा.”

साहेबांनी पेन खाली ठेवला. अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. “इतवारीभाऊ, बाहेर ट्रॅक्टर सुरू आहे. मला नीट ऐकू आलं नाही. पाणी प्या. मग पुन्हा विचारतो.”

म्हणजे बघा. सरकारने स्वतः कान झाकले. आणखी काय करायचं सरकारने? मी टेबलाखालून इतवारीच्या पायावर पाय दिला. पूर्ण वजन टाकून दिला. तो पाणी प्यायला. अर्धं गळ्यावर सांडलं.

साहेब : संबंध आला होता का?

इतवारी : कपडे शिवले जी. हिरवे. लगन नोतं झालं तेव्हा. कापड त्याहीनंच आनलं. नाई म्हनता येत नोतं. पन मी म्हनून बी नाई पाह्यलं.

सगळ्या गावाला माहीत होतं हे. दिव्यानीला माहीत नव्हतं.

ती आत आली. टेबलापाशी नाही, बापाच्या खुर्चीपाशी. “बाबा, एकदा,” ती म्हणाली. “एकच वेळा. माह्यासाठी. मंग जिंदगीभर खरं बोल.”

आता पुस्तकं लिहिणारे आणि ब्रदर अश्विनसारखे लोक इथे सांगतील, की त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी समोर होतो. तेज वगैरे काही नव्हतं. त्याचा खालचा ओठ लटकला होता आणि हनुवटी थरथरत होती. मांडीवरचे हात मशीनवर कापड सरकवावं तसे पुढे सरकत होते, कापड नसताना. माणूस घाबरला होता. घाबरलेला माणूस जे करतो ते त्याने करावं म्हणून मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर त्याच्या प्रभूचीसुद्धा त्या वेळी मी मनात विनवणी केली, की बाबा, तूच सांग याला, नाही म्हण. तुझं ऐकतो हा.

“माय,” तो दिव्यानीला म्हणाला, “तुले हात देतो. पाय देतो. मशीन विक. हे माह्यापाशी नाई. असतं तर देल्लं असतं.”

“नाटक,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी शेवटची ओळ खोडली आणि तिथे दुसरी लिहिली, आणि या वेळी मोठ्याने वाचली नाही. इतवारीने खाली सही केली. त्याची सही लांबलचक आहे. पूर्ण नाव, गाव, सगळं. मध्ये पेन संपला तर त्याने दुसरा मागून घेतला.

*

नंतरचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा लावून बसणार नाही. साहेबांनी खरोखर चांगलं लिहिलं असावं, पण वर बसलेल्यांना चांगलं वाचायला वेळ नसतो. दिव्यानीच्या नावापुढे काहीतरी शेरा लागला आणि तिच्या खालची पोरगी वर गेली. ब्रदर अश्विन आता चंद्रपुरात सभा घेतो. नवा शब्द शोधला आहे म्हणे. बूट तेच.

मी इतवारीला एकदा भिंतीवरून विचारलं, “पस्तावा होत नाई काय भाऊजी?”

“होते न. सकाळी मशीनवर बसलो का पह्यले थोच होते.”

“मंग तुमचा प्रभू काय म्हनते?”

“काही नाई म्हनत.”

“मंग?”

“मंग काज-बटन करतो.”

मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मला त्याच्या तोंडून शांतीबिंती ऐकायची होती, म्हणजे मनसोक्त हसता आलं असतं. या माणसाने मला हसण्याचीही सोय ठेवली नाही. असल्या विश्वासाचं करायचं काय? दुखणं थांबत नाही, नोकरी लागत नाही, चमत्कार नाही, धूर नाही. रविवारी गोठा, सोमवारी काज-बटन. ब्रदर अश्विनचा माल निदान चकचकीत तरी असतो.

*

पण त्या दिवसाचं एवढं राहिलं.

ठाण्यातून निघालो. ठाण्यात तिघं एका गाडीवर नको म्हणून इतवारी सकाळी सायकलने आला होता. जातानाही सायकल. दिव्यानी माझ्या मागे बसली. बापाकडे तिने पाहिलं नाही. तो सायकलचं कुलूप काढत होता. मी गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर आल्याबरोबर तोंड सोडलं. आधी ब्रदर अश्विनला शिव्या घातल्या, मग त्या तेलुगू म्हाताऱ्याला, जिवंत असेल नसेल, मग महोत्सवाच्या आचाऱ्याला, मग इतवारीला. मग देवांकडे वळलो आणि कोणाचा ते पाहिलं नाही. हिरवे कपडे शिवले म्हणे! अरे, तुला कुणी विचारलं होतं रंग कोणता? दोन्ही बाजूंना सागाची मोठी पानं, मध्ये आमची गाडी आणि माझा आवाज. मागून काही नाही. रडणं नाही, हुंकार नाही. मला वाटलं, पोरगी ऐकतेय, तिला बरं वाटतंय. मी आणखी जोर लावला.

नाल्याच्या चढावर ती बोलली.

“मामा.”

“काय?”

“हळू चालव.”

“काऊन?”

“बाबा मांगं राहून राह्यला.”

मी आरशात पाहिलं. लांब, चढाच्या पायथ्याशी, तो सायकलवरून उतरून सायकल ढकलत होता.

“राहू दे,” मी म्हटलं. “मांगंच राहाचं आहे त्याले. तुह्यी जिंदगी खाल्ली त्यानं.”

“खाल्ली.”

“मंग?”

“हळू चालव म्हटलं न.”

आवाजात माफी नव्हती. प्रेम म्हणावं असंही काही नव्हतं. नाक्यावर गाड्या थांबवणारी बाई बोलते तसं ती बोलली. समोरच्याने ऐकायचं असतं, एवढंच त्यात होतं.

मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. शिव्या चालू ठेवल्या.